सिएटलचे तंबू आणि नागपूरचे सिग्नल

"काहून गं, तुमच्या अमेरिकेत एवढा पैसा अन् लोकं रस्त्यावर तंबू टाकून झोपून राहिले?" नागपूरहून मामांचा हा प्रश्न येतो आणि लगेच उत्तरही तेच देऊन टाकतात, गर्दुल्ले असतील नाहीतर आळशी असतील. मजा म्हणजे इथे सिएटलला ऑफिसातले गोरे लोकपण हेच बोलतात.

जानेवारी २०२४ मध्ये एका रात्रीच्या सरकारी मोजणीत अमेरिकेत ७,७१,४८० बेघर सापडले, शेल्टरमधले धरून. नशा आहेच, डाउनटाउनला फेंटानिल नावाचं जबर नशेचं औषध घेऊन कमरेत वाकलेली माणसं मी नेहमी बघते, नाही कशाला म्हणू. पण मग वेस्ट व्हर्जिनियाचं काय? ओव्हरडोसने मरण्याचं प्रमाण त्या राज्यात वर्षानुवर्षं सगळ्यात वरच्या रांगेत, तरी लोकसंख्येच्या मानाने बेघर आमच्या वॉशिंग्टन राज्यापेक्षा खूपच कमी, कारण तिथे घरं स्वस्त.

इथलं गणित बघा ना. वन बेडरूमचं भाडं २००० डॉलरच्या आसपास, आणि बरेच घरमालक पगार भाड्याच्या तिप्पट मागतात म्हणजे महिन्याला ६०००. सिएटलची २०२५ ची किमान मजुरी तासाला २०.७६ डॉलर, फुल टाइम राबलं तरी टॅक्स कापायच्या आधी ३६००. वरून क्रेडिट स्कोअर, जुने भाडं थकल्याचे रेकॉर्ड. त्यात आजारपण, घटस्फोट, दारू यातलं काही आलं की माणूस रस्त्यावर. कोण पडणार ते त्याच्या नशिबाने आणि वागण्याने ठरत असेल, किती जण पडणार ते मात्र भाडं ठरवतं, असं माझं मत झालंय.

आपल्याकडे एवढीच ऐपत असलेला माणूस नाल्याच्या काठाला झोपडी टाकतो. घर वाईटच, पण दार असतं, मग रेशनकार्ड, लाइटबिल, नशीब असलं तर मालकी पट्टा. इथे तंबू टाकला की पालिकेचे लोक येऊन उचलून नेतात. जून २०२४ मध्ये तर इथल्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास या ओरेगॉनमधल्या गावाच्या केसमध्ये ६ विरुद्ध ३ ने सांगून टाकलं की शेल्टरमध्ये जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करता येतो. ज्याच्याजवळ भाड्याला पैसे नाही त्याला दंड, काय बोलायचं!

पण आपणही काही कमी नाही. मार्च २०२३ मध्ये सी-२० चे, म्हणजे जी-२० मधल्या सामाजिक संस्थांच्या बैठकीचे, पाहुणे येणार म्हणून नागपूर पोलिसांनी कलम १४४ लावून सिग्नलवर भीक मागायला बंदी केली होती, आठवते? भीक मागणं गुन्हा ठरवणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात होताच. म्हणजे २०२१ मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने भिकाऱ्यांना हटवायची मागणी ऐकून घ्यायला नकार दिला होता, पर्याय असता तर कोणी भीक मागेल का असं विचारून, तरीसुद्धा. आणि नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, बाहेर फूटपाथवर झोपतात ते कोण? गडचिरोली, बालाघाटकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक. त्यांना आळशी म्हणाल?

मोठ्या शहरात लाख लोकांमागे एक चोवीस तासांचा निवारा हवा, हे २०१० पासून आपल्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशात आहे. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं. सिग्नल रिकामे करायच्या आधी महापालिकेला त्या २४ निवाऱ्यांची पत्त्यांसकट यादी मागायला पाहिजे होती कोणीतरी.