सागाच्या पानांचे ठसे: तिसरा धडा एकदाचा रेकॉर्ड झाला

सागाच्या पानांचे ठसे कापडावर कसे उमटवायचे, याचे व्हिडिओ धडे मी मोबाइलवर रेकॉर्ड करतेय. कापडाची खळ काढणं आणि रंग धरावा म्हणून त्याला हिरडा-तुरटी देणं हे दोन धडे मागेच झाले होते. कापडावर पानं मांडून त्याची गुंडाळी करायचा तिसरा अडला होता. परवा तो झाला, चौथ्या प्रयत्नात.

पहिल्यांदा घोळ रंगाचा झाला. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं मांजरपाट सायीसारखं पिवळसर दिसतं. तेवढंच कापड फ्रेमभर आलं की मोबाइल आपल्या मनाने पिवळेपणा कमी करतो आणि सगळं निळसर पांढरं होतं. हिरडा बसला की नाही हे ओळखायची खूणच नाहीशी! आता आधी टेबलावर साधा पांढरा कागद ठेवते आणि त्यावर व्हाइट बॅलन्स लॉक करते. एक्स्पोजर आणि फोकसही. कागद कोपऱ्यात तसाच राहू देते, बघणाऱ्याला ताडून पाहता येतं.

दुसऱ्यांदा माझ्याच हाताने पानं झाकली गेली. स्टँड समोरून काढून डाव्या खांद्यावरून लावला, तेवढ्याने भागलं.

तिसऱ्या वेळी कूलर. जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, नागपुरात कूलर बंद करून बसणं काय असतं हे इथल्यांना सांगायला नको. पण त्याच्या घरघरीत दोन आवाज बुडत होते आणि या धड्याचा जीव त्यांच्यातच आहे. पान हिराकसाच्या (हा लोखंडाचा क्षार) पाण्यात बुडवून परातीवर धरलं की थेंब पडतात, टप टप, मग सावकाश, मग बंद. बंद झाल्यावरच पान कापडावर ठेवायचं. आधी ठेवलं तर लोखंडाचं पाणी पानाबाहेर पसरतं, हिरड्याशी मिळून काळपट होतं आणि कड धुरकट येते. दुसरा आवाज दोरीचा. गुंडाळी आवळताना ती करकरते. हाताचा जोर व्हिडिओत दिसत नाही, पण ऐकू येतो.

म्हणून परवा पहाटे साडेपाचला बसले. कूलर बंद, पानं उडतात म्हणून पंखाही बंद. दहा मिनिटांत सासूबाई उठून आल्या. "कूलर काऊन बंद केला वं?" मी टेबलाकडे बोट दाखवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि टोपलीतलं एक कोवळं पान उचलून तळहातावर चोळायला लागल्या. तळवा लाल झाला. मग एक निबर पान घेतलं, तेही चोळलं. जेमतेम डाग पडला. "हे नको घेऊ," म्हणाल्या.

कोणतं पान रंग देतं हे मी याच धड्याच्या सुरुवातीला चार मिनिटं बोलून समजावत होते. ते सगळं कापलं. आता धडा त्यांच्या तळहातापासून सुरू होतो, कॅमेरा अगदी जवळ, चोळण्याचा आवाज स्पष्ट.

प्रमाण विचारणाऱ्यांसाठी: 100 ग्रॅम कापडाला 20 ग्रॅम हिरडा पूड आणि 15 ग्रॅम तुरटी, आधी हिरडा, मग तुरटी. हिराकस लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम. याहून वाढवू नका, लोखंड जास्त झालं की सूत कमजोर होतं. वाफ दीड तास, आणि भांडं स्वयंपाकाचं नको. मांजरपाट मी गांधीबागेतून आणते. पाण्याचा थेंब टाकून पाहा: वर मोत्यासारखा बसला तर खळ शिल्लक आहे, लगेच शोषला गेला तर कापड तयार.

गुंडाळी रात्रभर थंड होऊ दिली आणि काल उघडली. दोन पानांच्या शिरा जांभळ्या, अगदी बारीक जाळीपर्यंत उमटल्या. मधलं पान मात्र फिकं आलं. रेकॉर्डिंग परत लावून ऐकलं, तर मधल्या दोन वेढ्यांना दोरी करकरलेली नाही. तो भाग तसाच ठेवणार आहे आणि त्याच्या शेजारी फिक्या पानाचा फोटो लावणार आहे.

चौथा धडा वाफेचा आणि गुंडाळी उघडण्याचा. झाकण काढलं की लेन्सवर वाफ धरते, म्हणून तेवढा भाग लांबून घेईन. पानं संपलीत. रविवारी हिंगण्याकडे मामांच्या शेतात जाणार, धुऱ्यावरच्या सागाची पालवी निबर व्हायच्या आत. सासूबाई सोबत येतो म्हणाल्यात.