दोन राजे आणि एक चिटणीस

स्मरणिकेसाठी लिही म्हटलं की बहुतेकांना गॅदरिंग, सहली आणि छड्या आठवतात. मला आठवतो बाईंचा नीतिशिक्षणाचा तास. वेळापत्रकात तो आठवड्याच्या शेवटी, म्हणजे गणिताच्या सरांनी पळवावा म्हणूनच ठेवल्यासारखा. पण बाई तो कुणाला देत नसत. तुकडीत आम्ही ख्रिस्ती मुलं मोजकीच. माझे वडील मूळचे नगरकडचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर. घरी रोज रात्री पवित्र शास्त्र वाचलं जाई, त्यामुळे गोष्टी माहीत होत्या. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मात्र बाईंनी शिकवलं.

एकदा त्यांनी योशीया घेतला. आठव्या वर्षी यहूदाच्या, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या प्राचीन यहुदी राज्याच्या, गादीवर बसलेला राजा. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालली होती, तेव्हा हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा, म्हणजे देवाच्या आज्ञांचा, ग्रंथ सापडला. शाफान चिटणिसाने तो राजाला वाचून दाखवला. (वर्गातल्या चिटणीस आडनावाच्या मुलाकडे सगळ्यांच्या माना वळल्या. ठाण्यात चिटणिसांना काय तोटा!) आपल्या लोकांनी हे पाळलं नाही, आता नाश ओढवणार, या दुःखाने ऐकता ऐकता राजाने अंगावरची वस्त्रं फाडली.

लगेच त्याच्या मुलाची, यहोयाकीमची गोष्ट. यिर्मया या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याने, सांगितलेली वचनं त्याचा लेखनिक बारूख याने गुंडाळीवर लिहून काढली होती, ती या राजासमोर वाचायला घेतली. थंडीचे दिवस, पुढ्यात शेगडी. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी. अशी सगळी गुंडाळी जळाली. बाईंनी फळ्यावर लिहिलं: बापाने वस्त्रं फाडली, मुलाने वचन कापलं. मग विचारलं, "जाळू नका म्हणून राजाला विनवणाऱ्यांत गमऱ्या होता. तो कुणाचा मुलगा?" उत्तर त्यांनीच दिलं, "शाफान चिटणिसाचा." माना पुन्हा वळल्या. या वेळी तो बिचारा छाती काढून बसला.

मला मात्र त्या तासातली हुल्दा जास्त लक्षात राहिली. ग्रंथाचा अर्थ विचारायला योशीयाने माणसं पाठवली ती या संदेष्ट्रीकडे. तिने सांगितलं, तू नम्र झालास, रडलास, म्हणून हा नाश तुझ्या डोळ्यांदेखत होणार नाही. पण तो टळणारही नाही. एवढं ऐकूनही राजाने सगळ्या लोकांना गोळा करून ग्रंथ वाचून दाखवला, मूर्ती आणि उच्चस्थानं (उंचावरची पूजेची ठिकाणं) काढून टाकली, वल्हांडण (मिसरमधून झालेल्या सुटकेचा सण) पाळला. "निकाल लागून गेल्यावर पुस्तक उघडणारा मुलगा बघितलायत का कधी?" बाई म्हणाल्या. दहावीच्या उंबरठ्यावरच्या आम्हाला हे फारच अव्यवहारी वाटलं. पश्चात्ताप म्हणजे शिक्षा माफ करून घ्यायचा अर्ज, अशीच सगळ्यांची समजूत असते. योशीयाने तर अर्ज नामंजूर झाल्यावर कामाला सुरुवात केली.

पंडिता रमाबाईंचं नाव बाईंकडूनच प्रथम नीट ऐकलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्याहून मला मोठं वाटतं ते त्यांचं प्रांजळ लिहिणं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तेव्हा आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, असं पुढे त्यांनीच सांगितलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने हे जाहीरपणे लिहावं! आमच्याकडे चार वचनं पाठ असलेला माणूस मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या बाकावरून उठत नाही.

हल्ली आमच्या घरगुती बायबल अभ्यासात यहोयाकीम फार भेटतो. चाकू नसतो एवढंच. वचन वाचून होतं न होतं तोच कुणीतरी म्हणतं, "हे अमक्यांनी ऐकायला पाहिजे होतं." कधी सून, कधी पाळकसाहेब, कधी कमिटी. आपल्या वाटणीचे तीन-चार रकाने असे बरोबर दुसऱ्याच्या दारात जातात. शेवटी आम्ही नियम केला, की वाचलेलं वचन दुसऱ्या कुणाला लागू पडतं ते बोलायचं नाही. आपल्याला काय टोचलं तेवढंच सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. तेव्हापासून बैठक अर्धा तास लवकर संपते, आणि चहा उकळायच्या आधीच लोक चपला शोधू लागतात.