छापील बीसीवर किती विसंबावे?

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत मनापासून रस असलेली माणसे मराठवाड्यात थोडी आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना हजार यार्डांवर गोळी झाडून पाहण्याची सोय नाही. माळरान कितीही मोकळे दिसले, तरी मान्यताप्राप्त रेंजच्या बाहेर असली पडताळणी करता येत नाही आणि करूही नये. त्यामुळे लांबच्या अंतरांविषयीचे आमचे बहुतेक ज्ञान कागदावरून येते. गोळीच्या खोक्यावर छापलेला बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे ज्याला सगळे नेमबाज बीसी म्हणतात तो आकडा (तो जितका मोठा, तितका गोळीचा वेग हवेत कमी उतरतो), उत्पादकाने दिलेली मझल व्हेलॉसिटी, म्हणजे नळीतून बाहेर पडतानाचा गोळीचा वेग, आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपने त्यावरून काढून दिलेला ड्रॉपचा, म्हणजे कोणत्या अंतरावर गोळी किती खाली येते त्याचा, तक्ता एवढाच आमचा आधार असतो. ज्याला प्रत्यक्ष तपासून पाहता येते त्याची चूक लक्ष्यावर लगेच दिसते. आम्हाला मात्र ती चूक आकड्यातच शोधावी लागते. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि सवड मिळेल तशी क्लबमधल्या मुलांना नेमबाजीतले गणितही समजावून सांगतो, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहे.

बीसी म्हणजे गोळीचा सेक्शनल डेन्सिटीचा आकडा भागिले तिचा फॉर्म फॅक्टर. यातील पहिला भाग निव्वळ अंकगणिताचा आहे. गोळीचे वजन पौंडात घ्यायचे आणि त्याला इंचातील व्यासाच्या वर्गाने भागायचे. ०.३०८ इंच व्यासाच्या १७५ ग्रेन गोळीसाठी (एका पौंडाचे ७००० ग्रेन होतात) हे उत्तर ०.२६४ येते आणि त्यात कोणालाही फेरफार करता येत नाही. सगळा वाद फॉर्म फॅक्टरमध्ये आहे, कारण एका ठरावीक प्रमाण गोळीच्या तुलनेत आपल्या गोळीला हवेचा किती विरोध होतो ते तो सांगतो. ही प्रमाण गोळी कोणती, हे खोक्यावर दर वेळी लिहिलेले असतेच असे नाही.

अनेक उत्पादक आजही जी-१ हे प्रमाण वापरतात. या प्रमाणाची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत क्रुप कंपनीने केलेल्या चाचण्यांपर्यंत जातात आणि त्यातील गोळी सपाट बुडाची, आखूड नाकाची आहे. आजची स्पर्धेची गोळी लांब, टोकदार आणि मागे निमुळती होत गेलेली असते. तिच्या आकाराशी जी-७ हे प्रमाण बरेच अधिक जुळते. प्रमाण आणि गोळी यांचे आकार वेगळे असले की वेग उतरत जाताना दोघांच्या विरोधाचे गुणोत्तर बदलत जाते आणि मग एकाच गोळीचा जी-१ बीसी प्रत्येक वेगाला वेगळा येतो. सिएरा कंपनी आपल्या ०.३०८ इंच, १६८ ग्रेन मॅचकिंग गोळीसाठी चार आकडे देते: सेकंदाला २६०० फुटांच्या वर ०.४६२, २६०० ते २१०० दरम्यान ०.४४७, २१०० ते १६०० दरम्यान ०.४२४ आणि त्याखाली ०.४०५. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात बारा टक्क्यांहून अधिक अंतर आहे. कंपनीने चारही आकडे दिले हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे असे मी मानतो. अडचण होते ती वापरणाऱ्यामुळे, कारण अ‍ॅपमध्ये एकच रकाना असला की तिथे सर्वांत मोठा आकडा भरण्याचा मोह होतो आणि हजार यार्डांपर्यंतच्या प्रवासात गोळी त्या वेगाला जेमतेम सुरुवातीलाच असते.

त्याच गोळीचा जी-७ बीसी सुमारे ०.२१८ मानला जातो आणि १७५ ग्रेन मॅचकिंगचा सुमारे ०.२४३. जी-७ चा आकडा जी-१ च्या जवळपास निम्मा दिसतो म्हणून गोळी कमी प्रतीची ठरत नाही. मोजपट्टी बदलली आहे एवढाच त्याचा अर्थ. परंतु जी-१ चा आकडा जी-७ च्या रकान्यात गेला, तर अ‍ॅप गोळीला हवेचा निम्माच विरोध होतो असे धरून चालते आणि त्यातून तयार होणारा तक्ता पाहायला अत्यंत व्यवस्थित असतो. ही चूक मी नव्या मुलांच्या मोबाइलवर अनेकदा पाहिली आहे.

आता हा आकडा मोजतात कसा, याकडे वळतो, कारण जुन्या छापील आकड्यांवर शंका घ्यावी लागते ती मुख्यतः इथे. पूर्वीची प्रचलित पद्धत अशी होती की एक क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे उपकरण, नळीजवळ आणि दुसरा शंभर-दोनशे यार्डांवर ठेवायचा आणि दोन वेगांच्या फरकावरून बीसी काढायचा. १७५ ग्रेन गोळी २६०० फुटांच्या वेगाने निघाली, तर पहिल्या शंभर यार्डांत तिचा वेग साधारण पावणेदोनशे फुटांनी उतरतो. दोन्ही क्रोनोग्राफ विरुद्ध दिशांना केवळ पाच-पाच फुटांनी चुकले, तर त्या पावणेदोनशेत दहा फुटांची चूक शिरते आणि बीसी सहा टक्क्यांच्या आसपास चुकतो. कोणी खोटेपणा केला नाही, उपकरणेही वाईट नाहीत, तरीही हाती येणारा आकडा चुकीचा! शिवाय हे मोजमाप गोळी सर्वांत वेगात असतानाचे आहे आणि आपल्याला तिचे वागणे हवे असते ते वेग निम्म्यावर आल्यानंतरचे.

ब्रायन लिट्झ या अमेरिकन अभियंत्याने ध्वनिसंवेदकांच्या साहाय्याने लांब अंतरापर्यंत गोळीचा प्रवासकाळ मोजण्याची पद्धत वापरली आणि अनेक कंपन्यांच्या गोळ्या एकाच पद्धतीने तपासल्या. त्या मोजणीत कित्येक गोळ्यांचे जाहीर आकडे प्रत्यक्षापेक्षा मोठे असल्याचे दिसून आले. माझ्या मते या कामाचे खरे मोल चुका पकडण्यात नाही, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या प्रथमच एका मापाने मोजल्या गेल्या, यात आहे. त्यानंतर डॉपलर रडारचा वापर वाढला. रडार गोळीचा वेग वाटेत सतत मोजते, त्यामुळे दोन बिंदूंमधील सरासरीची गरजच उरत नाही. हॉर्नेडी कंपनीला याच रडारवर दिसले की काही गोळ्यांचा विरोध उड्डाणात मध्येच वाढतो. हवेच्या घर्षणाने तापून गोळीच्या टोकावरील प्लास्टिक आकार बदलत होते! कंपनीने २०१५ च्या अखेरीस अधिक उष्णता सोसणारे टोक बाजारात आणले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण शंभर यार्डांवरच्या कोणत्याही क्रोनोग्राफला ती कधीच दिसली नसती.

आमच्याकडच्या हवेचा प्रश्न वेगळा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. छापील आकडा प्रमाण हवेसाठी असतो, पण प्रमाण हवाही दोन प्रकारची आहे. इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, प्रमाणात तापमान १५ अंश सेल्सियस, दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि हवा कोरडी धरतात. जुन्या अमेरिकी लष्करी प्रमाणातील हवा त्याहून सुमारे १.८ टक्के विरळ आहे, म्हणून त्या प्रमाणातला बीसी तेवढ्याच टक्क्यांनी मोठा दिसतो. हा फरक लहान आहे. छत्रपती संभाजीनगर मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४२ अंशांवर जाते. अशा वेळी हवेची घनता माझ्या हिशेबाने घनमीटरला १.०५ किलोच्या जवळ येते. प्रमाण हवेची घनता १.२२५ आहे. म्हणजे हवा जवळजवळ पंधरा टक्के विरळ. डिसेंबरातल्या दहा अंशांच्या पहाटे तीच घनता १.१६ च्या पुढे जाते. १७५ ग्रेन गोळीसाठी हजार यार्डांवर प्रमाण हवा आणि मे महिन्यातली हवा यांच्यात गोळी लागण्याच्या उंचीचा फरक मीटरभराच्या आसपास पडतो. बीसीमधील पाच टक्क्यांची चूक त्याच अंतरावर साधारण फूटभर उंची बदलते, आणि तरीही चर्चा मात्र सगळी बीसीवर होते.

यात एक खाचखळगा असा आहे की हवामानाच्या बातमीत किंवा मोबाइलवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. संभाजीनगरचा दाब १००५ दिसला, तरी रेंजवर उभ्या असलेल्या माणसाभोवतीचा प्रत्यक्ष दाब ९४५ च्या आसपास असतो. अ‍ॅपमध्ये १००५ भरला आणि त्यालाच स्थानिक दाब मानले, तर घनता सहा टक्क्यांनी चुकते. ही चूक पुष्कळदा खोक्यावरच्या बीसीच्या माथी मारली जाते. म्हणून छोटे उपकरण वापरून स्थानिक दाब तिथेच मोजावा. आर्द्रतेची मात्र फार चिंता करू नये. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते आणि तिचा परिणाम इथे नगण्य ठरतो.

वेगाच्या बाबतीत छापील आकड्याची गोष्ट बियाण्याच्या पिशवीवरील एकरी उत्पादनासारखी आहे. तो आकडा बागायती चाचणी-प्लॉटमधला असतो आणि आपले शेत कोरडवाहू असते. उत्पादकाची चाचणी-नळी लांब आणि नेमक्या मापाची असते, आपली नळी आखूड किंवा झिजलेली असू शकते आणि उन्हात ठेवलेल्या काडतुसातील दारू अधिक वेगाने जळते. २६०० फुटांच्या वेगात वीस फुटांचा फरक पडला, तर हजार यार्डांवर गोळी सुमारे अर्धा फूट वर-खाली लागते. स्वतःच्या रायफलचा वेग स्वतः मोजण्याला पर्याय नाही आणि तो उन्हाळ्यात व हिवाळ्यात वेगळा मोजला पाहिजे.

गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील आट्यांच्या पिळाचाही बीसीशी संबंध आहे. गोळीची स्थिरता दर्शवणारा आकडा १.५ च्या खाली आला, तर गोळी थोडी डोलत जाते, विरोध वाढतो आणि खोक्यावरचा बीसी मिळत नाही. विरळ हवेत स्थिरता वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात आम्हाला याचा थोडा लाभच होतो. गोळीचा वेग उतरून ध्वनीच्या वेगाजवळ आल्यावर मात्र कोणत्याही एका बीसीवर विसंबू नये. १६८ ग्रेन मॅचकिंगचे बूड अधिक तिरके असल्यामुळे ती त्या पट्ट्यात अस्थिर होते, हे लांब पल्ल्याच्या नेमबाजांना चांगले ठाऊक आहे. ती मुळात ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी घडवलेली गोळी आहे.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त सुभेदार काका त्यांच्या जुन्या वहीत दर गोळीबारापूर्वी तापमान, दाब आणि काडतुसांचा लॉट लिहून ठेवत आणि मुलांना सांगत, "आधी वेग पक्का करा रे, मग गोळीला दोष द्या." अ‍ॅपमधला तक्ता लक्ष्याशी जुळेपर्यंत बीसी बदलत राहण्याची सवय आता सर्रास दिसते आणि ती मला धोक्याची वाटते. वेग चुकला असताना बीसी बदलून सहाशे यार्डांचे उत्तर जुळवता येते, पण तेच दोन आकडे नऊशे यार्डांवर पुन्हा चुकतात. वेगाची चूक जवळच्या आणि मधल्या अंतरापासूनच दिसू लागते. बीसीची चूक दूर गेल्यावर झपाट्याने वाढते. म्हणून वेग क्रोनोग्राफवर, हवा जागेवर आणि स्कोपचे क्लिक, म्हणजे दुर्बिणीतला नेम सरकवण्याचे टप्पे, मोजपट्टीवर तपासल्यानंतरच बीसीला हात लावावा. बाजूला गेलेल्या गोळीवरून बीसीबद्दल निष्कर्षच काढू नये. ताशी दीड किलोमीटर वाऱ्याचा अंदाज चुकला, तरी हजार यार्डांवर गोळी पाव मीटर सरकते आणि आमच्या उघड्या काळ्या रानात वारा एका जागी असा आणि पुढे तसा असतो.

मुलांना मी सध्या एवढेच करायला सांगतो की खोक्यावरचा आकडा वहीत उतरवताना त्याच्यापुढे प्रमाण (जी-१ की जी-७), वेगाचा पट्टा आणि कोणती प्रमाण हवा धरली आहे ते लिहावे, आणि यातले काही छापलेले नसेल तर तो आकडा पाच टक्के इकडे-तिकडे धरून दोन तक्ते काढावेत. ३०० मीटरवर त्या दोन तक्त्यांत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचाच फरक येतो आणि तिथल्या लक्ष्याचे दहाचे वर्तुळ १० सेंटिमीटरचे आहे, त्यामुळे त्या अंतराच्या नेमबाजाने छापील बीसीवर निःशंकपणे काम चालवावे. सहाशेच्या पुढे मात्र दोन्ही तक्ते सोबत ठेवावेत आणि पहिली गोळी दोहोंच्या मधल्या उंचीवर लावून लक्ष्यावर नजर ठेवणाऱ्या साथीदाराने ती कुठे पडली ते नोंदवावे.