तळपायाचा तीळ

लेकीच्या उजव्या तळपायाला एक तीळ आहे. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा सांगलीहून आई फोनवर म्हणाली, "तळपायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी गं! ही पोर परदेशी जाणार बघ." आम्ही तेव्हा ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनलाच होतो. भविष्य जरा उशिरा आलं.

इथे मात्र तिळाकडे कुणी भविष्य म्हणून बघत नाही. आमच्या क्वीन्सलंड राज्याचं ऊन कडक, माणसं गोरी, आणि मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग जगात सर्वाधिक जिथे आढळतो त्यातला हा भाग. शाळेत टोपी विसरलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीला हा आजार फार कमी होतो, पण झालाच तर बरेचदा तळवा, तळपाय, नखं अशा ऊन न लागणाऱ्या जागी. गायक बॉब मार्लीला पायाच्या नखाखालीच झाला होता. हे मी रात्री बारा वाजता वाचलं आणि सकाळी अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टरबाईंनी तळपायावर जेलचा थेंब टाकला आणि डर्मोस्कोप टेकवला. हे दिवा बसवलेलं, साधारण १० पट मोठं दाखवणारं भिंग. कातडीवरून परतणारी चमक जेलमुळे मरते आणि आतल्या थरातला रंग दिसतो. फोन जोडून त्यांनी आम्हालाही दाखवलं. तपकिरी समांतर रेघा! अगदी आमच्या उसाच्या रानातल्या सरी-वरंब्यासारख्या. तळपायाच्या कातडीलाही सऱ्या-वरंबे असतात, म्हणजे खोलगट चर आणि त्यांच्यामधले उंचवटे, आणि घामाची छिद्रं वरंब्यावर, रोपं लावल्यासारखी ओळीत. रंग सरीत असेल तर बहुधा साधा तीळ. वरंब्यावर पसरला असेल तर डॉक्टर सावध होतात. आमचा रंग सरीत होता.

खरी धडधड पुढेच होती. पाठीवरचा एक तीळ वर्षभरात वाढला होता. भिंगाखाली त्याच्या कडेने मोहरीसारख्या तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसलं. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, हे कडं म्हणजे तीळ वाढतोय एवढंच. पन्नाशीच्या माणसात दिसलं असतं तर विचारात पडले असते; ११ वर्षांच्या मुलीचे तीळ वाढणारच, नवेही येत राहणार, विशीपर्यंत आणि पुढेही. म्हणून काढायचा नाही. फोटो ठेवायचा, सहा महिन्यांनी शेजारी नवा फोटो लावून बघायचं.

मला तो काढून टाकलेला आवडला असता. पण मग अंगावरचे बाकीचे वीस? भीती वाटली की काप, असं केलं तर पोरीच्या अंगावर नुसते व्रण उरतील.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगितली. वयात येण्याआधी मेलानोमा अतिशय दुर्मिळ, आणि आलाच तर बरेचदा काळा नसतो. गुलाबी, फुगीर, पुटकुळीसारखा असतो. त्यामुळे वेडावाकडा काळा डाग शोधायची मोठ्यांची सवय इथे फसते. भराभर वाढणारी किंवा रक्त येणारी गुलाबी गाठ दिसली, तर सहा महिने थांबायचं नाही.

घरी येऊन तळपायाचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी तो बराच वेळ मोठा करकरून बघितला असावा. मग फोन आला, "सऱ्या सरळ पडल्यात गं!"