गोदामातल्या यंत्रमानवात पेटंट घेण्यासारखे काय असते?

भोसरी-चाकण पट्ट्यातले कारखानदार आणि त्यांच्याकडचे तरुण अभियंते मला एक प्रश्न हमखास विचारतात. लोखंडी सांगाडा जुना, प्लॅस्टिकचे क्रेट जुने, चाक, मोटर आणि पट्टा त्याहूनही जुने. मग या स्वयंचलित गोदामांना पेटंटे मिळतात ती नेमकी कशाची, आणि पेटंट कार्यालयातला परीक्षक त्यांत नवेपणा शोधतो तरी कुठे? मी परीक्षक नाही, पेटंट एजंट आहे. परीक्षकांनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तरे लिहिणे हा माझा व्यवसाय, आणि माल साठवण्याच्या व काढण्याच्या यंत्रणांचे अर्ज माझ्या टेबलावर पुष्कळ येतात. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या क्षेत्रातला कोणताही अर्ज वाचण्यापूर्वी त्यामागचा एक जुना सौदा ध्यानात घ्यावा लागतो. गोदामातली फार मोठी जागा मालाने नव्हे, तर मालापर्यंत पोहोचण्याच्या वाटेने अडवलेली असते. फोर्कलिफ्टला वळायला रुंद गल्ली लागते. स्टॅकर क्रेन, म्हणजे गल्लीतच उभी-आडवी सरकून माल ठेवणारे व काढणारे यंत्र, आणली की गल्ली अरुंद होते आणि रॅक उंच जातो, पण गल्ली राहतेच. शटल, म्हणजे रॅकच्या आत धावणारी छोटी गाडी, आणले की एकामागे एक अशी कित्येक पॅलेट (माल रचण्याच्या फळ्या) खोलवर ठेवता येतात. मात्र आतले पॅलेट हवे असेल तर आधी पुढची हलवावी लागतात. गल्ली अजिबात काढून टाकली तर जागेचा कण न् कण वापरात येतो, आणि हवी ती वस्तू हवी तेव्हा हाती लागणे तितकेच अवघड होऊन बसते. फडताळात एकावर एक रचलेल्या डब्यांतला तळाचा डबा काढताना जे होते, तेच इथे हजारो क्रेटच्या बाबतीत होते. दाटीवाटीच्या साठवणीतला प्रत्येक शोध म्हणजे या सौद्यातली एखादी अट बदलण्याचा प्रयत्न असतो, आणि जाणता परीक्षक अर्ज उघडताच पाहतो ते हेच की, कोणती अट बदलली आणि तिची किंमत कुठे चुकवली.

उदाहरण म्हणून गल्लीविना साठवणीचा प्रवास पाहू, कारण त्याचे कागद उत्तम जतन झालेले आहेत. १९५५ साली बर्टेल यांना मिळालेले अमेरिकी पेटंट, क्रमांक २७,०१,०६५, हे ओळीने उभ्या केलेल्या थप्प्यांमधून हवा तो डबा वरून उचलण्याच्या यंत्रणेचे आहे. म्हणजे मूळ कल्पनेला आता सत्तर वर्षे झाली. तिची उचलण्याची यंत्रणा गुंतागुंतीची आणि महाग होती, त्यामुळे एकेका किरकोळ वस्तूच्या गोदामात ती फारशी रुजली नाही. पुढे सिमकॉर्प या कंपनीच्या युरोपीय पेटंटात थप्पीभोवती उतरणारी चौकोनी नळी आली. मग नॉर्वेतल्या नेद्रे वात्स या लहानशा गावी १९९६ साली इंगवार होग्नालांड यांच्या कल्पनेतून ऑटोस्टोअर ही साठवणयंत्रणा उभी राहिली; तिच्या कंपनीचे नावही तेच. तिथे क्रेट ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांच्या जाळीत एकावर एक रचतात, जाळीच्या माथ्यावर रुळ असतात आणि त्या रुळांवर यंत्रमानव धावतात. खालचे क्रेट हवे असेल तर वरची क्रेट आधी उचलून शेजारच्या थप्प्यांवर ठेवायची, हे खोदकाम यंत्रमानवच करतात; आणि ज्या वस्तूला मागणी जास्त तिचे क्रेट वापरामुळे आपोआप वरच्या थरांत येऊन राहते. हा शेवटचा गुण मला सगळ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटतो, कारण तो कोणत्याही सुट्या भागात नाही.

आता परीक्षणाचा खरा प्रश्न सुरू होतो. ऑटोस्टोअरच्या जुन्या यंत्रमानवाला एका बाजूला आलेली भुजा होती आणि क्रेट त्या भुजेखाली, म्हणजे यंत्राच्या धडाबाहेर, लटकत असे. परिणामी एक यंत्रमानव जाळीच्या माथ्यावर दोन चौकटी अडवायचा, आणि बाजूला लटकलेल्या वजनाचा तोलही सांभाळावा लागायचा. डिसेंबर २०१२ मध्ये नॉर्वेत दाखल झालेल्या अर्जात क्रेट धडाच्या मधोमध असलेल्या पोकळीत ओढून घेण्याची रचना मांडली गेली, ज्यात चाके पोकळीच्या दोन्ही बाजूंना येतात. अधिक स्थिरता, अधिक वजन पेलण्याची क्षमता आणि जागेचा अधिक चांगला उपयोग, ही त्या अर्जाने सांगितलेली उद्दिष्टे. इकडे किराणा घरपोच देणाऱ्या इंग्लंडमधल्या ओकाडोने आपल्या अर्जांत यंत्रमानव जाळीची एकच चौकट अडवतो यावर भर दिला. माथ्यावर तेवढ्याच जागेत अधिक यंत्रे मावतात आणि ती एकमेकांना अडवत नाहीत, हा त्याचा लाभ.

बाहेरच्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटतो. क्रेट बाजूला धरले काय नि पोटात धरले काय! पण परीक्षक यंत्रापेक्षा अर्जातला दावा, म्हणजे क्लेम, तपासत असतो. त्या एका लांबलचक वाक्याचे तो तुकडे करतो: चौकोनी जाळी, तिच्यातल्या थप्प्या, माथ्यावरचे रुळ, दोन दिशांना चालणारे दोन चाकसंच, उचलण्याची यंत्रणा, मधली पोकळी. मग जागतिक वर्गीकरणातल्या बी६५जी १/०४ आणि बी६५जी १/१३७ या कप्प्यांत, म्हणजे यांत्रिक साठवणूक आणि मागणीनुसार माल निवडण्याच्या कप्प्यांत, तो जुने कागद शोधतो. सगळे तुकडे एकाच जुन्या कागदात सापडले तर नावीन्य संपले. एखादा तुकडा उरला तर तो उरलेला तुकडा कोणती तांत्रिक अडचण सोडवतो आणि त्या कामातल्या कुशल माणसाला तो सहज सुचला असता का, हा पुढचा प्रश्न. म्हणून दाव्यात नुसती ‘पोकळी असलेले वाहन’ लिहून भागत नाही. पोकळी कुठे आहे, चाकांशी तिचे नाते काय आणि उचललेल्या क्रेटसह वाहन किती चौकटी अडवते, हे लिहावे लागते. आक्षेप आला की बहुतेकदा याच तपशिलांमागे माघार घेऊन दावा अरुंद केला जातो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ५९ नुसार मूळ विवरणात, म्हणजे अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या लेखी वर्णनात, नसलेले काही नंतर घालता येत नाही आणि दावा रुंदही करता येत नाही, त्यामुळे ज्याने पहिल्या दिवशी तपशील लिहिला नाही त्याला माघारीची जागाच उरत नाही.

भारतात या यंत्रणांना सर्वाधिक छळते ते कलम ३ चे उपकलम ‘एफ’. ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक उपकरण आपापले जुने काम स्वतंत्रपणे करत राहते, ती शोध ठरत नाही, असे ते सांगते. रॅक ठाऊक, शटल ठाऊक, लिफ्ट ठाऊक, कन्व्हेयर ठाऊक. चारही एका नकाशावर काढले म्हणून पेटंट मिळत नाही, आणि माझ्या मते मिळूही नये. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांपैकी बऱ्याच अर्जांवर हा आक्षेप अगदी रास्त असतो. त्याला उत्तर द्यायचे तर भाग एकमेकांवर अवलंबून आहेत हे दाखवावे लागते: शटलच्या चाकांची ठेवण बदलली म्हणून रॅकमधल्या दोन पातळ्यांतले अंतर कमी झाले आणि म्हणूनच तेवढ्याच उंचीत एक थर जास्त बसला, अशी कार्यकारणाची साखळी विवरणात असावी लागते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, भांडी घडवण्याच्या लेथवरील पकडीच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्येच सांगितले होते की, कारखान्यात काम करता करता सुचणाऱ्या सुधारणेच्या पलीकडे काही असल्याशिवाय पेटंट नाही. तो निकाल १९११ च्या जुन्या कायद्याखालचा, पण गोदामाच्या अर्जांवरच्या सुनावणीत आजही त्याचा आधार घेतला जातो. उलट बाजूने, परीक्षकानेही ‘हे उघडच आहे’ एवढे लिहून मोकळे व्हायचे नसते. जुना शोध कोणता, अर्जातला कोणता आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कुशल माणूस कसा पोहोचला असता, हे तीनही सांगितले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रिबोर्ड प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

सॉफ्टवेअरचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो. कोणते क्रेट कुठे ठेवायचे आणि कोणता यंत्रमानव कोणत्या वाटेने धाडायचा हे ठरवणारा कार्यक्रम कलम ३ च्या उपकलम ‘के’मध्ये अडकतो, कारण नुसता संगणकीय कार्यक्रम, अल्गोरिदम किंवा व्यवसायपद्धती तिथे वर्ज्य आहे. फेरीद अलानी प्रकरणातल्या २०१९ च्या निकालानंतर तांत्रिक परिणाम दाखवला तर वाट निघते. ‘ग्राहकाची मागणी लवकर पूर्ण होते’ हा परिणाम व्यापाराचा झाला. ‘दोन यंत्रमानवांची टक्कर टळते आणि खोदकामाच्या उचली कमी होतात’ हा तंत्राचा. पहिल्या प्रकारची भाषा विवरणभर पसरलेली असेल तर दुसऱ्या प्रकारचा युक्तिवाद सुनावणीत फिका पडतो.

इतकी वर्षे हे काम पाहून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांना ते सहसा पटत नाही. त्यांना भीती असते स्पर्धकाच्या कागदांची. प्रत्यक्षात अर्जदाराला सर्वांत महाग पडतात ते बहुधा त्याचेच कागद: आधीचे पेटंट, माहितीपत्रक, प्रदर्शनातला व्हिडिओ, ग्राहकाला पाठवलेले कोटेशन. ऑटोस्टोअरने ऑक्टोबर २०२० मध्ये ओकाडोवर इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत खटले भरले. मधल्या पोकळीच्या यंत्रमानवाची पेटंटे त्या वादात होती. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश हेकन यांनी ३० मार्च २०२३ रोजी निकाल दिला आणि ती पेटंटे अवैध ठरली. तसे होण्यास ओकाडोचे यंत्र कारण नव्हते, बर्टेलचे जुने पेटंटही नव्हते. २०१० साली, म्हणजे अर्ज दाखल होण्याच्या दोन वर्षे आधी, ऑटोस्टोअरनेच आपल्या रशियातल्या वितरकाला आणि रशियाच्या मध्यवर्ती बँकेला या रचनेची माहिती दिली होती, आणि त्या माहितीवर गुप्ततेचे बंधन नव्हते असे न्यायालयाला आढळले. युरोपीय आणि ब्रिटिश कायद्यात गुप्ततेच्या बंधनात नसलेल्या एका माणसाला माहिती कळली तरी ती सार्वजनिक झाली असे धरतात. पुढे जुलै २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी सगळे खटले मिटवले, आणि ऑटोस्टोअरने ओकाडोला दोन वर्षांत हप्त्यांनी २० कोटी पौंड द्यायचे ठरले. ज्याने फिर्याद लावली त्यानेच पैसे मोजले.

यात परीक्षकाची चूक काढण्यात अर्थ नाही. तो शोधतो ते छापलेल्या आणि नोंदवलेल्या साहित्यात; एका बँकेशी झालेल्या खासगी पत्रव्यवहाराचा माग त्याला कोणत्याही वर्गीकरणातून लागणार नव्हता. असे कागद बाहेर येतात ते खटल्यात, जेव्हा समोरच्याकडे कोट्यवधींचा वकिली खर्च करण्याचे कारण असते. म्हणूनच मंजूर पेटंट हाती आले म्हणजे परीक्षा संपली, असे मी कोणत्याही अशिलाला सांगत नाही.

आपल्या कायद्याची भाषा इथे थोडी वेगळी आहे. प्रकाशित मजकूर जगात कुठलाही असला तरी तो विरोधात वापरता येतो, पण सार्वजनिक माहिती किंवा सार्वजनिक वापर मात्र भारतातला असावा लागतो. पेटंटला विरोध करण्याचे कलम २५ आणि ते रद्द करण्याचे कलम ६४, दोन्ही ठिकाणी हेच आहे. त्यामुळे रशियातला तोच व्यवहार इथे वेगळ्या मार्गाने लढवावा लागला असता. या फरकावर कोणी निर्धास्त होऊ नये, कारण आपला ग्राहक बहुधा भारतातच असतो, आणि भिवंडीतल्या एखाद्या गोदामात बसवून दाखवलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला हिंडून पाहू दिलेले यंत्र हा भारतातलाच वापर ठरतो. शोध आधी उघड झाल्यावरही अर्ज करू देणारी कलम ३१ मधली बारा महिन्यांची सवलतही अनेकांना वाटते तितकी उदार नाही. ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला लागू होते. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कोणत्याही व्यापारी मेळाव्यात लावलेला स्टॉल आपोआप तिच्यात येत नाही, आणि टेंडरला जोडलेली रेखाचित्रे तर नाहीतच.

त्यामुळे यंत्रणेचे आरेखन घेऊन कोणी आले की मी पहिल्यांदा विचारतो ते ही रेखाचित्रे आजवर कोणाकोणाला पाठवली आणि पाठवताना गुप्ततेचा करार झाला होता का. उत्तर समाधानकारक असेल तर तात्पुरते विवरण लगेच दाखल करावे, कारण त्यानंतर पूर्ण विवरणासाठी बारा महिने मिळतात आणि तेवढ्यात ग्राहकाशी बोलणी उरकता येतात. मात्र घाईघाईने ‘रुळांवर धावणारा यंत्रमानव व क्रेटची जाळी’ असे अर्धे पान लिहून दिले तर ती आधीची तारीख तेवढ्या अर्ध्या पानालाच मिळते. चाके नेमकी कुठे आहेत हे वर्षानंतर लिहिले तर त्या तपशिलाला वर्षानंतरचीच तारीख लागते, आणि मधल्या काळात पाठवलेले कोटेशन त्याच्या आड येते. म्हणून टेंडरसोबत जे रेखाचित्र जाणार असेल, नेमके तेच, मापे आणि खुणांसह, आधी अर्जाला जोडावे.