आमची वाटचाल: चुना, ताग आणि दोन पूर

जुन्या छताला तडा गेला की गिऱ्हाईक आधी रंगाऱ्याला बोलावतं, मग सिमेंटवाल्याला, आणि शेवटी आम्हाला. तोवर वरच्या मजल्याची मोरी गळतेय हे कुणी पाहिलेलंच नसतं.

कडीपाटाचं छत सुताराकडे. आमचं काम पट्ट्यांच्या छताचं. दोन लाकडी पट्ट्यांत सात-आठ मिलिमीटरची फट असते. खालून दाबून मारलेला चुना त्या फटीतून वर जाऊन पसरतो आणि आकड्यासारखा अडकतो. छत पेलतं ते या आकड्यांवर. तळहाताने हळूच वर रेटून बघा. हललं तर आकडे तुटलेत. मग बोटाच्या पेराने वाजवत जायचं आणि भद्द आवाज येईल तिथे खडूने गोल करायचा. यासाठी यंत्र लागत नाही, सकाळची शांत वेळ लागते.

सुरुवातीचे आमचे भागीदार म्हणजे गवंडीमामा. गिलाव्यावर फिरवायचा त्यांचा सागवानी रंधा अजून वापरात आहे. उजवी कड चार मिलिमीटर झिजल्यामुळे सपाटीला चालत नाही, पण भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यातल्या गोलाईला त्याच्यासारखा दुसरा नाही. प्रमाण त्यांनीच घालून दिलं. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विझवून, चाळून, निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायची. पहिल्या हाताला एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि घमेल्याला मूठभर ताग, दोन-दोन इंच कापून. पट्ट्या आधी भिजवायच्या, नाहीतर लाकूड चुन्यातलं पाणी ओढून घेतं आणि आकडे धरतच नाहीत. पहिला हात ओला असतानाच आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या. दुसरा हात आठवडा-दहा दिवसांनी. शेवटचा दोन-तीन मिलिमीटर, बारीक चाळलेल्या वाळूचा. आणि गूळ बेताने. कोल्हापूर गुळाचं गाव आहे म्हणून ओतू नका. चुना धरायला वेळ लावतो आणि मुंग्या होतात त्या वेगळ्याच.

मधली वर्षं कामात गेली.

ऑगस्ट 2019 मध्ये शाहूपुरीतल्या आमच्या गोदामात पाणी शिरलं. पीओपीची 60 पोती जागेवर दगड झाली. चुन्याची टाकी मात्र वाचली, कारण तो चुना एरवीही पाण्याखालीच असतो. वरचा चार बोटं गाळ खरवडून काढला, खाली लोण्यासारखा माल होता. माल होता, कामं नव्हती. भिंती सुकायला चार-सहा महिने द्या, असं आम्ही सांगत होतो. दुसऱ्या एका कंत्राटदाराने आठवड्यात छत करून देतो म्हणून सांगितलं आणि आमच्या चुन्याला 'आजोबांचं औषध' ठरवलं. सात घरांनी उचल परत मागितली, दोन गवंडी पुण्याला गेले. दुकान बंद करायचा विषय घरात दोनदा निघाला.

त्या कंत्राटदाराने काय केलं, तर ओल्या पीओपीवर सिमेंट मारलं. पीओपीतलं जिप्सम आणि सिमेंट ओलीत एकत्र आले की नवे स्फटिक धरतात, ते फुगतात आणि थर सुटतो. पुढच्या पावसात पापुद्रे पडले. त्यातल्याच तीन घरांनी आम्हाला बोलावलं, तेही फक्त खरवडायला, मजुरीच्या दराने. गेलो. विसरलो नाही.

थांबल्या त्या मंगळवार पेठेतल्या काकू. "मिस्त्री, दिवाळी अशीच जाऊ दे, पण मधलं फूल तेवढं वाचवा," म्हणाल्या. फूल, म्हणजे छताच्या मधोमधची पीओपीची नक्षी, पट्ट्यांपासून बोटभर सुटलं होतं. खाली प्लायवुड, त्यावर स्पंज आणि आधाराला स्क्रू जॅक, दिवसाला पाव फेरा. घाई केली तर फुलाची भाकरी होते. वर टेकल्यावर पितळी स्क्रू आणि 40 मिलिमीटरचे वॉशर, फूटभर अंतराने, नेमके पट्टीत. खिळा ठोकायचा नाही, हादऱ्याने उरलेले आकडेही जातात. लोखंडी स्क्रूही नको, पीओपीत गंजतो आणि तपकिरी डाग वर येतो.

तुटक्या पाकळ्यांसाठी शाबूत पाकळीवरून सिलिकॉनचा साचा घेतला. पीओपीची भुकटी पाण्यात टाकायची, पाणी भुकटीत नाही. पंधरा मिनिटांत घट्ट होते. जास्त वेळ हवा असेल तर चिमूटभर सरस, म्हणजे सुताराचा गोंद. वर चुन्याचाच हात द्या. ऑइलपेंट मारायचा असेल तर आम्हाला बोलावू नका.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा पोती माळ्यावर होती.

काकूंच्या फुलाला सोळा पाकळ्या, त्यातल्या पाच आमच्या. कुठल्या, हे चहाला आलेल्या प्रत्येकाला त्या विचारतात. आम्हालाही एकदा विचारलं, आमची एक चुकली.