खोली मंजूर, गुरुजी शून्य

आमदाराच्या पीएकडे लोक येतात ते बदलीच्या शिफारशीसाठी, नाहीतर रात्री-अपरात्री दवाखान्यात फोन लावून द्या म्हणायला. माझ्याकडे याच्या जोडीला आणखी दोन कामं आहेत. मतदारसंघाचं मासिक वार्तापत्र काढायचं, आणि शिक्षण खात्यासंबंधी जे काही असेल ते लिहायचं: अधिवेशनातले प्रश्न, लक्षवेधी (सभागृहात तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), मंत्र्यांना पत्रं. हे दुसरं काम माझ्या गळ्यात पडलं कारण मी डी.एड. आहे. आमची तुकडी बाहेर पडली आणि २०१२ साली शिक्षकभरतीच बंद झाली. पुढे पवित्र पोर्टलवरून ती सुरू झाली, तोवर मी या खुर्चीत रुळलो होतो. साहेब मला अजूनही ‘गुरुजी’ म्हणूनच हाक मारतात. त्यात चेष्टा किती आणि माया किती, हे मी मोजत बसत नाही. साहेब कोणत्या पक्षाचे तेही सांगत नाही. सभागृहात दोन्ही बाजूंना बसून झालंय त्यांचं.

मतदारसंघ बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला. दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्याला जाणार, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येणार. आमचं वार्तापत्र आठ पानांचं. थोड्या प्रती छापतो, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पहिल्या पानावर भूमिपूजनं आणि लोकार्पणं, आत रक्तदान शिबिर, सामुदायिक विवाह, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार, सांत्वनपर भेटी, शेवटच्या पानावर वाढदिवस. शहाणी माणसं हसतात त्याला. पण कुणाचा फोटो राहिला तर सकाळी सातला फोन येतो, म्हणजे वाचतात.

१६ जून २०२५, सोमवार. शाळांचा पहिला दिवस. लोकप्रतिनिधींनी शाळांना भेटी द्याव्यात असं वरून आलेलं होतं, म्हणून रस्त्याकडेच्या एका मोठ्या गावची जिल्हा परिषद शाळा ठरवली होती. बैलगाडीतून पहिलीच्या मुलांची मिरवणूक, औक्षण, गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं. बैलांच्या शिंगांना रंग देऊन झाल्याचा फोटोही सरपंचांनी पाठवला होता.

आठच्या सुमारास ऑफिसात एक बाई आल्या. कडेला सहावीतली वाटावी अशी मुलगी. बाईंच्या हातात आमचा मे महिन्याचा अंक, घडी घालून घालून मऊ पडलेला. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि पहिल्या पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं. साहेब फीत कापतायत. मागं नवी वर्गखोली, आमदार निधीतून.

“ही खोली तुम्हीच छापली ना, दादा?”

“हो.”

“मंग आता हे बी छापा, की खोलीत गुरुजी न्हाई.”

खोली झाली होती एका बंजारा तांड्यावर, आणि बाई तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा होत्या. स्वतः ऊसतोडीला जातात. तांड्यावर पहिली ते सातवी शाळा. पाचवीपर्यंत दोन शिक्षक आहेत. सहावी-सातवीला जे सर होते ते संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, अतिरिक्त ठरले आणि समायोजनात दुसरीकडं गेले. खोली मात्र त्याच वर्गांसाठी मागितलेली, दोन वर्षांपूर्वीच्या यादीतली. ती पूर्ण झाली उन्हाळ्यात. म्हणजे सर गेले आणि खोली आली.

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. त्यातून खोली बांधता येते, संरक्षक भिंत होते, सभामंडप होतो. त्यातून गुरुजींचा एका महिन्याचा पगार देता येत नाही. शिक्षकाचं पद ठरतं संचमान्यतेत, भरती होते पोर्टलवरून, बदल्याही संगणकावरून. या तिन्ही ठिकाणी आमदाराची सही कुठंच लागत नाही. लोकांना हे पटत नाही. एवढा मोठा माणूस, साधा मास्तर देऊ शकत नाही?

साहेब आतून ऐकत होते. चहा तसाच ठेवून बाहेर आले. “काय म्हणता मावशी, कुणीच न्हाई?” बाई म्हणाल्या, “चला ना साहेब, बघा. फीत कापाया आले व्हते, आता शाळा बघाया या.” साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “गुरुजी, त्या सरपंचाला फोन लावा. दुपारून येतो म्हणावं.” बैलगाडी जुंपून तयार होती, त्या सरपंचांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तांड्यावर कुणालाच कल्पना नव्हती. खालच्या दोन वर्गखोल्यांत पहिली ते पाचवीची मुलं, दोन्ही शिक्षक नव्या मुलांच्या नावनोंदणीत. नव्या खोलीतून मात्र शिकवल्याचा आवाज येत होता. आत सातवीतली एक मुलगी फळ्यापुढं उभी राहून सहावीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. हातात खडू, दुसऱ्या हातात वेताची काठी, ती बहुधा नुसतीच धरायला. आम्ही दारात थांबलो तसा वर्गात गलका झाला. तिनं मागं वळून बघितलं, साहेबांना ओळखलं की नाही कळलं नाही, आणि म्हणाली, “आत यायचं असंल तर खाली बसा. मधी उभं राहू नका.”

साहेब बसले. पांढऱ्या कपड्यांनिशी फरशीवर, भिंतीला टेकून. मागून आलेले दोन-तीन कार्यकर्ते काय करावं ते न कळून तेही बसले. ती शिकवत राहिली. छेद समान करायचा म्हणजे काय, हे तिनं उसाच्या कांड्यांचं चित्र काढून सांगितलं. एक कांडी दोघांत, एक कांडी तिघांत, मग दोन्हींचे सारखे तुकडे कसे पाडायचे. डी.एड.ला आम्हाला पाठ घ्यायला लावायचे तेव्हा असा पाठ एखाद्यानंच घेतला असता. तिचं कौतुक करावं की तिच्यावर ही वेळ आली म्हणून मान खाली घालावी, हे मला ठरवता आलं नाही. साहेबांनी फोटो काढू दिला नाही. आमच्या धंद्यात हे फार क्वचित होतं.

नंतर मी ऑफिसच्या खोलीत जाऊन बसलो. प्रभारी मुख्याध्यापकांनी “माझं नाव कुठं येऊ देऊ नका” एवढं आधी सांगितलं आणि मग हजेरीपट आणि संचमान्यतेची प्रिंट दोन्ही समोर ठेवली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणं सहावी ते आठवीच्या गटात पट २० च्या खाली गेला की त्या गटाला शिक्षकाचं पदच मिळत नाही. आदल्या ३० सप्टेंबरच्या हजेरीपटावर या गटात नावं होती २२. प्रिंटवर पट १७.

पाच मुलं गेली कुठं?

कुठंच गेली नव्हती. त्यातली चार मघाशी त्याच खोलीत बसली होती. ३० सप्टेंबरच्या पटात धरली जातात ती ज्यांचं आधार पडताळून जुळलं तीच मुलं. दोघांच्या आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यांत फरक, त्यातल्या एकाच्या बापाचं नाव एकीकडं आडनावासारखं लागलेलं. एका मुलीची नोंद कारखान्याकडच्या एका शाळेत अजून अडकलेली. आई-बापाबरोबर गेली होती तेव्हा तिथं नाव घातलं, परत आल्यावर तिथून सोडलंच नाही. राहिलेली दोघं भाऊ-बहीण. त्यांना आधारच नाही, कारण जन्माचा दाखला नाही. त्यांचा जन्म झाला सांगलीकडं, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच करावी लागते. वर्ष उलटून गेलं असेल तर आदेश आणावा लागतो, आणि २०२५ च्या सुरुवातीला तर बोगस दाखल्यांच्या तक्रारींमुळं राज्यभर अशा उशिराच्या नोंदी थांबवल्याच होत्या. तांड्यावरून सांगलीला हेलपाटे घालायचे कुणी, आणि रोज कुणाचा बुडवायचा?

मी हिशेब मांडला. नावाचे दोन आणि अडकलेली एक, हे तीन जण सुटले तर पट होतो २०. काठावर, पण पद मिळतं.

तेवढ्यात चॅनेलवाला आला. साहेब तांड्यावर आहेत हे त्याला कुठून कळलं देव जाणे. त्याला हवं होतं पहिलीपासूनच्या हिंदीवर बाइट. त्या दिवसांत महाराष्ट्रात दुसरा विषयच नव्हता. साहेबांनी त्याला शाळेच्या ओट्यावर उभं केलं आणि म्हणाले, या तांड्यावरचं लेकरू घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतं, पहिलीत आल्यावर मराठी शिकतं, त्यात तिसरी भाषा घालायची की नाही यावर जरूर भांडा, पण सातवीला गुरुजी नाही हेही दाखवा. चॅनेलवर ‘तिसरी भाषा घालायची की नाही यावर जरूर भांडा’ एवढंच गेलं. दुपारपर्यंत पक्षातून दोन फोन आले, नेमकं म्हणायचंय काय तुम्हाला. दुसऱ्या दिवशी सुधारित शासन निर्णय निघाला, आणि २९ जूनला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, आधीचा आणि सुधारित असे दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो वाद क्षुल्लक होता असं मी म्हणणार नाही, लहान पोरांच्या डोक्यावरच्या ओझ्याचाच होता तो. फक्त, त्यावर बोलायला माणसं पुष्कळ होती.

तिथूनच साहेबांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. ते आले, फाइल घेऊन, घाम पुसत. पद शून्य हे आम्ही नाही ठरवलं, प्रणालीतून तसंच येतं, म्हणाले. बरोबरच होतं ते. मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत का पाठवत नाही, असं त्यांनी विचारलं. नियमानं सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी, आणि कागदावर ती आहे. त्या अंतरात मधला ओढा धरलेला नाही. पावसाळ्यात पांदणीनं जाता येत नाही, डांबरी रस्त्यानं फिरून गेलं तर अंतर दुपटीच्या जवळ जातं. अंतर कागदावर ३ च्या आत असल्यामुळं वाहतूक भत्ताही बसत नाही. समितीच्या अध्यक्षा मधेच म्हणाल्या, “पोरांचं ठीक हाय. पोरगी ओढ्यापलीकडं कोण धाडतं? ती घरी बसती, न्हाईतर कोयत्यावर जाती.” साहेब काही बोलले नाहीत. २०२३ साली समूह शाळांचा विषय निघाला होता, २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळांचा आकडा तेव्हा पेपरात आला होता. मी तेव्हा साहेबांसाठी त्यावर टिपण लिहिलं होतं. आकड्यांचं टिपण. त्यात ओढा नव्हता, कारण असा ओढा प्रत्येक शाळेचा वेगळा असतो.

दुपारी ठरलेल्या मोठ्या गावी गेलो. बैलगाडी, हलगी, फेटे, सगळं झालं. संध्याकाळी जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं साहेब स्वतः बसून राहिले आणि ‘कामगिरीवर’, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरता, एक शिक्षक देण्याचं तोंडी आश्वासन घेऊन निघाले. नावांच्या दुरुस्तीसाठी तांड्यावरच आधारचं यंत्र पाठवायचं ठरलं. सांगलीकडच्या दोन जन्मनोंदींचं पत्र मी त्याच रात्री तयार केलं.

रात्री उशिरा लक्षवेधी लिहायला घेतली. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नांची मुदत केव्हाच संपली होती. प्रश्न लिहायची एक ठरीव चाल आहे: अमुक ठिकाणी अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तरंही तशीच येतात, हे अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. लक्षवेधीत थोडा मोकळेपणा असतो, म्हणून मी सगळं घातलं. हजेरीपटावर २२, प्रिंटवर १७, कोपीत जन्मलेली दोन मुलं, ओढा. आणि शेवटी मागणी: स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत आधार जुळलं नाही तरी प्रत्यक्ष हजर मुलं पटात धरावीत. साहेबांनी वाचून एकच शब्द खोडला, ‘अन्याय’. “तो शब्द सगळेच वापरतात. आकडा राहू द्या.” सूचना वेळेत दिली. कामकाजात लागली नाही. अशा शेकडो पडून राहतात, त्याचं आम्हाला नवल नाही. साहेबांनी मंत्र्यांना पत्र म्हणून तेच हातात दिलं.

प्रश्न राहिला वार्तापत्राचा. जूनच्या अंकात ‘सहावी-सातवीला शिक्षक नाही’ ही बातमी मी तिसऱ्या पानावर लावली. कार्यकर्त्यांत कुरकुर झाली. आपल्याच कागदावर आपलीच उणी बाजू? विरोधकांना आयतं कोलीत? एकानं सुचवलं, शिक्षक हजर झाल्यावर छापू, मथळा होईल ‘आमदारांच्या प्रयत्नांना यश’. मला ते अगदीच चूक वाटलं असं नाही, इतकी वर्षं मीही असेच मथळे करत आलोय. साहेबांनी बातमी तिथंच ठेवली, पण पहिल्या पानावर बैलगाडीचा फोटो मोठा करायला सांगितला.

जुलैत कामगिरीवरचे सर तांड्यावर हजर झाले. अध्यक्षाबाईंनी फोन करून सांगितलं, त्यांच्या मुलीनंही मागून काहीतरी ओरडून सांगितलं. मी पुढच्या अंकासाठी दोन ओळी लिहून ठेवल्या.

त्याच आठवड्यात आमच्याच मतदारसंघातल्या दुसऱ्या एका गावचे सरपंच ऑफिसात येऊन बसले. ते सर त्यांच्या शाळेतून उचलले होते. त्यांच्याही हातात वार्तापत्र होतं, तिसरं पान वर करून.

“तांड्याला दिलं, चांगलं केलं. आमच्या लेकरायनी काय घोडं मारलं?”

साहेबांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि माझ्याकडं वळले.

“गुरुजी, यांचा हजेरीपट मागवून घ्या. आणि आधारचं यंत्र कुठं हाय सध्या?”